तीन ओळींचं पान

कामावर तिला सगळे कात्रीबाई म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. लेखकाने बारा वाक्यं लिहून आणली की ती त्यातली नऊ उडवायची आणि उरलेली तीन त्यालाच वाचून दाखवायची. लेखक आधी फुगायचा, मग पुन्हा वाचायचा, मग मुकाट्याने चहा प्यायचा. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी निसर्गाची आणि विज्ञानाची पुस्तकं काढणं म्हणजे खायचं काम नाही. मोठ्यांसाठी जाडजूड ग्रंथ कोणीही पाडेल, गांडुळाचं अख्खं आयुष्य तीन ओळींत बसवून दाखवा आणि मग बोला, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं ती हेच करत आली होती. एका पानावर तीन ओळी, एका ओळीत फार तर सात शब्द. चौथी ओळ आली की वाचणाऱ्या आईबापाचा आवाज दमतो आणि मूल उठून पळतं, हा तिचा सिद्धांत होता. खरं सांगायचं तर तो चुकीचाही नव्हता.

प्रकाशनाचं दुकान तसं लहानच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागे एक गोदाम, आणि एक लिफ्ट, जी रोज नव्या आवाजात कुरकुरायची. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांचा मुलगा सगळं बघायचा. तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हा कात्रीबाईच्या टेबलाखाली बसून रंगीत खडू चावायचा, म्हणून अजूनही तिला मावशी म्हणायचा, आणि चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची. थोरल्यांनी घालून दिलेली एक रीत मात्र कोणी मोडली नव्हती. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची प्रत बालवाडीत नेऊन तीन वेळा मुलांना वाचून दाखवायची, आणि मुलं जे जे विचारतील ते एका वहीत लिहायचं. त्या वहीला म्हणायचे शंकावही. डाव्या बाजूला मुलाचा प्रश्न, उजव्या बाजूला त्याचं काय केलं ते. एक तर पुस्तकात उत्तर द्यायचं, नाही तर का दिलं नाही ते सहीनिशी लिहायचं. पहिल्या वहीतला पहिला प्रश्न खुद्द धाकट्या मालकाचाच होता. गोगलगाय कधी घर विसरते का, असं त्याने बापाला विचारलं होतं.

त्या सोमवारी मालकाने तिला आत बोलावलं आणि एक पत्र पुढे केलं. एका बालरोगतज्ज्ञाचं पत्र होतं, सरळ, कोरडं, आणि म्हणूनच अंगावर येणारं. साडेचार वर्षांच्या एका मुलीने घरामागच्या कुंपणावरची लाल फळं खाल्ली. तिसऱ्या दिवशी ती गेली. ती एका चित्रांच्या पुस्तकातला पक्षी-पक्षी खेळत होती, असं घरचे सांगतात. पुस्तक तुमच्याकडचं आहे असं कळतं. मी ते पाहिलेलं नाही, पण त्यात मुलांना पुरेसा इशारा दिलेला आहे की नाही हे कृपया तपासावं.

कात्रीबाईला पुस्तक काढून बघायची गरज नव्हती. तिला ते तोंडपाठ होतं. ‘पक्ष्यांचं ताट’, पाने चोवीस. दर पानावर एक पक्षी आणि त्याचं जेवण. सोळाव्या पानावर काटेरी झुडपाच्या फांदीवर बसलेला करडा पक्षी, गोबरा, चोचीत लालचुटूक फळ. शेजारी तीन ओळी.

हिवाळ्यात किडे मिळत नाहीत.
मग कुंपणावरची लाल फळं शोधायची.
कुरुम कुरुम! पोटोबा खूश!

“इशारा नाहीये, मावशी,” मालक म्हणाला.

“नाहीये,” ती म्हणाली.

पत्रात जे नव्हतं ते तिला माहीत होतं. ती उठली, आपल्या कपाटाशी गेली, आणि ते पुस्तक निघालं त्या वर्षीची शंकावही काढून उभ्याउभ्याच उघडली. चौदावा प्रश्न. मुलगा, वय पाच. ‘आपण खाल्ली तर?’ उजव्या बाजूला तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तीन ओळी भरल्या. जागा नाही.’ खाली तिची सही.

तिला तो दिवस लख्ख आठवला. कच्च्या प्रतीत तिसरी ओळ वेगळी होती. ‘ही फळं फक्त पक्ष्यांची, आपली नाहीत.’ लेखकाने आग्रहाने घातलेली. पहिल्या वाचनात मुलं त्या ओळीला हलली नाहीत, एकाने तर जांभई दिली. दुसऱ्या वाचनाला तिने सहज, आयत्या वेळी, आपल्या मनचं ‘कुरुम कुरुम’ म्हटलं आणि सगळी बालवाडी उसळली. तीस मुलं एका सुरात कुरुम कुरुम करत खुर्च्यांवर उड्या मारू लागली. बालवाडीच्या बाई हसून हसून टेकल्या. त्या गलक्यातच पुढच्या रांगेतल्या एका किडकिडीत पोराने गंभीरपणे हात वर करून तो प्रश्न विचारला होता. तिने तो लिहून घेतला, कारण रीत होती. आणि संध्याकाळी टेबलाशी बसून तिने लेखकाची ओळ उडवली आणि आपली ठेवली, कारण मुलं हसली होती. मूल हसलं की पान जिंकलं, असं ती नव्या लोकांना शिकवायची.

मालकाने सगळं तीन दिवसांत मार्गी लावलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. वीस माणसांची चूल त्या दुकानावर पेटत होती आणि त्याला त्यांची तोंडं दिसत होती. बांधणी सदोष आहे असं कळवून त्याने दुकानांतल्या प्रती परत मागवल्या. सोळावं पान नव्याने छापायचं ठरलं, छपाईचं वर्ष तेच, मुखपृष्ठ तेच, गाजावाजा नाही. त्याने डॉक्टरांना नम्र उत्तर पाठवलं की आपल्या सूचनेची तातडीने दखल घेतली आहे. मग तो कात्रीबाईला म्हणाला की इशाऱ्याची एक ओळ द्या, बाकीचं पान आहे तसंच ठेवू, जास्त हलवाहलव नको. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मावशी, ती वही कपाटातच असू दे.”

ओळ लिहायला तिला दोन मिनिटं लागली. ‘ही फळं माणसांनी खायची नाहीत.’ पाच शब्द. चित्रकाराने झुडपाचं बूड बोटभर वर सरकवलं आणि त्याच्या खाली ती चौथी ओळ आरामात बसली. चित्रकार तिच्याहूनही जुना होता, डोळ्याला भिंग लावून पिसं मोजणारा म्हातारा. त्याने कुंचला धुतला, पान लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, “बाई, जागा होती की हो.” तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं होतं. थोड्या वेळाने, कोणाकडेच न बघता, तो एवढंच पुटपुटला की कोंबडं झाकलं म्हणून काही उजाडायचं राहत नाही.

पुढचे तीन आठवडे उजाडलं नाही. नव्या प्रती आल्या, गोदामाच्या दाराशी गठ्ठे लागले. परत आलेल्या जुन्या प्रती मागच्या भिंतीशी सुतळीने बांधून लगद्याला जायची वाट बघत पडल्या. कात्रीबाई रोज वेळेवर यायची, मधमाशीवरच्या पुस्तकाची वाक्यं छाटायची, आणि कपाटाकडे पाठ करून बसायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. टेलिफोन वाजला की तिला वाटायचं, आला त्या पोरीच्या घरून.

तो आला शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. निळा कामाचा शर्ट, खांद्याला अवजारांची पिशवी, चाळिशीचा रुंद माणूस. दारात उभं राहून त्याने आधी विचारलं की आत येऊ का. मग सांगितलं की तो लिफ्ट दुरुस्त करतो, पण त्या कामासाठी आलेला नाही. ठमीचा बाप, असं तो म्हणाला, जणू ठमी कोण हे सगळ्या जगाला माहीत असणार. पत्रात नाव नव्हतं, तरी कात्रीबाईला ते कळलंच. ती उठून उभी राहिली आणि मग उभी राहून काय करायचं ते न कळून पुन्हा बसली.

तिने मनात कितीदा तरी हा प्रसंग घोळवला होता. तो ओरडेल, टेबलावर हात आपटेल, पोलिसांचं नाव काढेल. यातलं काहीच झालं नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि शांतपणे बोलत राहिला. पुस्तक दर संध्याकाळी तोच वाचून दाखवायचा, कारण बायकोची नोकरी दुपारपाळीची. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आणि गच्चीवर चढून तो दमलेला असायचा. कधी कधी तो पानं गाळायचा. पोरगी हुशार, दोन पानं एकदम उलटली की पकडायची, पण ओळ गाळली तर तिला कुठून कळणार, तिला वाचता येत नव्हतं. आता सासूबाई म्हणतात की पुस्तकात लिहिलेलं असणारच, छापणारे काय वेडे आहेत का, जावईबापूंनीच वाचलं नसेल. बायको काही म्हणत नाही. ती त्याच्याशी बोलतच नाही. त्याला तीन ओळी आठवतात, पण खाली बारीक अक्षरात अजून काही होतं का, ते आठवत नाही. घरची प्रत ठमीच्या उशाशी ठेवून तिच्याबरोबरच पाठवली. दुकानांत हिंडला तर कुठेच मिळेना. “मला फक्त बघायचंय, मॅडम. होतं की नव्हतं.”

मालक आतून बाहेर आला होता. त्याने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात खोटा नव्हता, त्याच्या स्वतःच्या घरी पाच वर्षांचा मुलगा होता. मग तो तिच्याकडे वळून म्हणाला की मावशी, गोदामातून एक प्रत आणता का.

गोदामात उजेड कमी होता. दाराशीच नवे गठ्ठे, हात लांबवला की प्रत हातात. मागच्या भिंतीशी जुने, दहा पावलांवर, एक गाठ सोडावी लागली असती. ती दोन्हींच्या मध्ये उभी राहिली. किती वेळ, ते तिला नंतर सांगता आलं नाही. खरं काय ते तिला समजत नव्हतं असं मुळीच नाही. जुनी प्रत नेली तर तो माणूस सुटतो. नवी नेली तर ती सुटते. इतकं साधं होतं, तिच्या पुस्तकांसारखं, तीन ओळींत बसणारं. पण ती घाबरली होती. तीस वर्षांचं नाव, शाळाशाळांतून तिचं नाव सांगणाऱ्या बाया, आपल्या मुलाला तिच्या पुस्तकांनी वाचायला शिकवलं म्हणणारे बाप, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि तिने हात लांबवून नवी प्रत घेतली.

त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं. पानं उलटताना तो प्रत्येक पक्ष्यापाशी क्षणभर थांबत होता, घरात जशी सवय असेल तशी. सोळावं पान आलं. त्याने काळ्या तेलकट नखाचं बोट ठेवून पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी मनातच वाचली, आणि मग बोट झुडपाच्या बुडाखाली गेलं.

“आहे,” तो म्हणाला.

त्याने बोट तिथून उचललं नाही.

“ती विचारायची, बाबा, अजून आहे का खाली? मी म्हणायचो, संपलं.” त्याने पुस्तक मिटलं. “बरं झालं. आता शोधायला नको.”

त्याने प्रत नेऊ का म्हणून विचारलं, मालक म्हणाला अवश्य न्या. जाताना तो लिफ्टपाशी थांबला, दाराला कान लावला, आणि जिन्याशी बसलेल्या पहारेकऱ्याला म्हणाला की दाराचा रूळ घासतोय, आजच कोणाला तरी दाखवा, अशाने माणूस अडकतो. मग जिन्याने उतरून गेला. त्याची पावलं तळापर्यंत ऐकू येत होती आणि कात्रीबाई ती ऐकत बसली.

त्यानंतर तिला काही छाटता येईना. मधमाशीचं हस्तलिखित पुढे पडलेलं असायचं आणि ती प्रत्येक वाक्यापाशी अडायची. हे काढलं तर कोणाचं काय होईल? डंख मारल्यावर सुजतं, हे लिहायचं की नाही? मध खायला म्हणून पोळ्याला हात लावायचा नाही, हे? असं करता करता एका पानावर अकरा ओळी झाल्या. चित्रकाराने पाहिलं आणि पान तसंच परत ठेवलं. घरी नवऱ्याने विचारलं की तू जेवत का नाहीस, तर तिने पोट बिघडलंय म्हणून वेळ मारून नेली. नवरा भाबडा, त्याने ओवा आणून दिला.

आठ दिवसांनी, शनिवारी दुपारी, ती मालकाच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. चारचौघे नव्हते, म्हणून ती एकेरीत बोलली. उद्या मी त्या माणसाकडे जाणार आहे, जुनी प्रत आणि वही घेऊन, आणि हे तुला आधी सांगते आहे, कारण तुझ्या पाठीमागे करायचं नव्हतं. मालकाने पेन खाली ठेवलं.

“वीस माणसं आहेत, मावशी.”

“माहीत आहे मला.”

“तुमचं नाव जाईल. माझं तर जाईलच. कोर्टकचेरी होईल. आणि ती पोरगी काही परत येणार नाही.”

“नाहीच येणार. पण तो अजून जिवंत आहे ना रे.”

तो चिडला नाही. त्याने तिला अडवलंही नाही आणि बरं केलंत असंही म्हणाला नाही. कपाटाची किल्ली तिच्याजवळ असते हे त्याला माहीत होतं, आणि त्याने ती मागितली नाही. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्याने विचारलं की तो गोगलगाईचा प्रश्न, त्याचं उत्तर दिलं होतं का बाबांनी पुस्तकात. ती म्हणाली, दिलं होतं. चौथ्या पानावर.

पत्ता तिला पहारेकऱ्याच्या नोंदवहीत मिळाला. रविवारी सकाळी ती गेली. पाच मजली इमारत, मागे कुंपण. कुंपण मुळापासून तोडून टाकलेलं होतं, नुसती खुटं उरली होती आणि मातीवर वाळलेली पानं. वरून कोणी पाहत असेल म्हणून ती तिथे थांबली नाही. लिफ्ट मात्र आवाज न करता वर गेली.

दार सासूबाईंनी उघडलं. पुस्तकवाल्या बाई आल्यात म्हणताच त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं, आणि जावयाला हाक मारण्याआधी हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं, म्हाताऱ्या माणसांना जे बोलायला कोणी उरत नाही ते परक्यापाशी बोललं जातं तसं. जावयाने पुस्तक आणून लेकीपुढे उघडून ठेवलं आणि म्हणाला, माझी चूक, हे बघ, लिहिलंय. लेकीने वाचलं आणि आत जाऊन दार लावलं. आता ती छोट्या खोलीत निजते. आणि याने नोकरी सोडली. जो घरी एक ओळ धड वाचत नाही त्याने लोकांच्या जिवाचे दोर काय तपासायचे, असं साहेबाला सांगून अवजारं जमा करून आला. “मी आपली बोलून गेले हो,” सासूबाई म्हणाल्या. “मला काय ठाऊक खरंच निघेल म्हणून.”

कात्रीबाईने खोली पाहिली. भिंतीवर खालच्या अंगाला, लहान हात पोचेल तिथपर्यंत, निळ्या पेनाने पक्षी काढलेले होते. सगळे पोटाने गोल, सगळ्यांना दोन पाय आणि मोठी चोच. एकाच्या चोचीत लाल ठिपका होता. ते कोणी पुसलेले नव्हते आणि झाकायला त्यांच्यासमोर खुर्चीही ठेवलेली नव्हती.

तो आला, दाढी वाढलेली, आणि तिला पाहून त्याने मॅडम म्हणून हात जोडले. त्याला वाटलं होतं ती विचारपूस करायला आली आहे. तिने आडवळणाने बोलायचं ठरवलं होतं, पण तिला आयुष्यात कधी लांबण लावता आलं नव्हतं, तर आता कुठून येणार. ती म्हणाली, “ती ओळ तुमच्या पुस्तकात नव्हती. ती आम्ही नंतर घातली. तुम्ही काही गाळलं नाहीत.”

त्याने मान हलवली. नाही नाही, असं तो म्हणाला, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, पण मला आठवतंय. खाली काहीतरी होतं, झुडपाखाली. मी बघायचो आणि सोडून द्यायचो. रोज. आता मला ती ओळ डोळ्यांपुढे दिसते, अक्षरं पण दिसतात.

हे तिने गृहीत धरलं नव्हतं. आठ दिवसांत त्याने ती ओळ स्वतःच्या आठवणीत छापून घेतली होती, तिने दिलेल्या प्रतीवरून. तिने त्याला आठ दिवसांपूर्वी नेलेली प्रत आणायला सांगितली आणि म्हणाली, मोजा. पहिलं पान, किती ओळी? तीन. दुसरं? तीन. तो न समजून मोजत राहिला, पण मोजायची त्याला सवय होती, कामाचा माणूस. तीन, तीन, तीन. पंधरावं, तीन. सोळावं. तो थांबला. सतरावं, तीन. शेवटच्या पानापर्यंत तीन. मग तिने पिशवीतून जुनी प्रत काढली, सोळावं पान उघडलं आणि त्या प्रतीशेजारी ठेवलं. एकात झुडूप वर, एकात बोटभर खाली. एकात ओळ, एकात नुसती माती.

त्याने जुन्या पानावरच्या मातीवरून अंगठा फिरवला, कागदात काही दबलेलं असेल तर लागावं म्हणून. दोनदा, तीनदा फिरवला.

“मग त्या दिवशी?” तो म्हणाला.

“त्या दिवशी मला ठाऊक होतं. जुने-नवे दोन्ही गठ्ठे समोर होते. मी तुम्हाला हे दिलं.”

तो उठला. ती मार खायच्या तयारीने बसली होती, तिला मार हवाही होता. पण तो आतल्या दाराशी गेला, बोटाने दोनदा वाजवलं, आणि बायकोला म्हणाला की बाहेर ये, एक ऐकून घे. मग कात्रीबाईकडे वळून म्हणाला, “तुम्ही सांगा. माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही. मी तिला दोनदा दोन गोष्टी कशा सांगू?”

बायको बाहेर आली. तरुण होती, अगदीच तरुण, पस्तिशीही नसेल, आणि केस विंचरलेले नव्हते. ती आईशेजारी बसली, नवऱ्याशेजारी नाही. कात्रीबाईने सगळं सांगितलं. पत्र, नवं पान, गोदाम. मग शंकावही उघडून चौदावा प्रश्न तिच्यापुढे धरला. बायकोने तो वाचला. उजवीकडचं वाचलं. सहीवर बोट ठेवून विचारलं की ही कोणाची. माझी, असं ती म्हणाली. सासूबाईंनी पदराने तोंड दाबलं.

“जागा नव्हती म्हणजे काय?” बायकोने विचारलं. “मग तिथे काय होतं?”

कात्रीबाईला उत्तर द्यावं लागलं. तिने जुनी प्रत उचलली आणि सोळावं पान वाचलं, तीस वर्षं बालवाड्यांतून वाचत आली तशी नाही, हळू, एकेक शब्द. हिवाळ्यात किडे मिळत नाहीत. मग कुंपणावरची लाल फळं शोधायची. तिसरी ओळ तिच्या तोंडून फुटेना. ती तिथेच थांबली, पान हातात धरून, आणि त्या शांततेत ती ओळ बायकोनेच म्हटली, चाल लावून, पोरीच्या लकबीत.

“ही मुलं हसली म्हणून ठेवली,” कात्रीबाई म्हणाली.

“ठमी पण हसायची,” बायको म्हणाली. “दवाखान्यात पण.”

मग ती उठली, आईला ओलांडून पलीकडे गेली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्याला हात लावला नाही, पण बसली. तो चेहरा झाकून घेऊन गदगदून रडायला लागला. कात्रीबाईने दोन्ही पुस्तकं आणि शंकावही टेबलावर ठेवली आणि सांगितलं की हे सगळं तुमच्याकडेच राहू द्या, ज्याला दाखवायचं त्याला दाखवा, मी कुठेही येऊन हेच सांगेन. तिला बस म्हणायला कोणाला सुचलं नाही, जा म्हणायलाही नाही. ती उभीच होती.

थोड्या वेळाने बायकोने वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. एकेक प्रश्न, एकेक उजवी बाजू. मध्येच तिने मान वर करून त्या पोराचं विचारलं, ज्याने हात वर केला होता. तो कुठे असतो आता, बरा आहे ना, एवढंच तिला हवं होतं. कात्रीबाईला ते माहीत नव्हतं. मुलांची नावं त्या वहीत कधीच लिहीत नसत.